प्रसूतिवेदना आणि त्यांचें शमन : सुइणीच्या हातापासून भूलतज्ज्ञाच्या सुईपर्यंत

जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षित कुटुंबांत लेक पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, म्हणजे घरांतील तयारी अजूनहि बरीचशी जुन्या वळणानेंच सुरू होते. डिंक, अळीव, खारीक-खोबरें आणून ठेवण्यांत येतें. जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवून त्यांची चवड रचली जाते. शेकशेगडीची आठवण होते. परंतु अलीकडे या तयारींत एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. कळा कमी करण्याचा उपाय घ्यावा कीं न घ्यावा? आजीचें म्हणणें असें कीं, कळा सोसल्यावांचून कोणी आई झालेली नाहीं. आईला पाठीच्या कण्याजवळ सुई टोचून घेण्याची धास्ती वाटते. जांवयानें ‘एपिड्यूरल’ हें नांव कोठेंतरी ऐकलेलें असतें, पण त्यानें मूल शस्त्रक्रियेनेंच काढावें लागतें अशी त्याची समजूत असते. आणि जिला प्रत्यक्ष सोसावयाचें आहे, ती या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनें पाहात असते.

हा प्रश्न घरांत नवा असला तरी जगांत नवा नाहीं. त्याचा लेखी इतिहास आज पावणेदोनशें वर्षांहून अधिक लांबीचा आहे, आणि त्याच्या मागची सावली तर चरक-सुश्रुतांच्या काळापर्यंत पोंचते. हा इतिहास चाळूं लागलें कीं एक गोष्ट वारंवार नजरेस येते. औषध कोणतें, हा प्रश्न त्यांत नेहमींच दुसरा ठरला आहे. पहिला प्रश्न असा कीं, पहिल्या कळेपासून मूल जन्माला येईपर्यंत त्या स्त्रीच्या उशाशीं जाणतें माणूस बसून आहे किंवा नाहीं. जेथें असें माणूस होतें तेथें साधा उपायहि गुणास आला. जेथें नव्हतें तेथें उत्तमांतलें उत्तम औषधहि एक तर पोंचलें नाहीं, नाहीं तर अंगावर आलें.

आपल्याकडील जुन्या वैद्यक ग्रंथांत प्रसूतीचें वर्णन आहे तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागृह बांधून तयार ठेवावें असें सांगितलें आहे. तेथें कोणत्या स्त्रिया असाव्यात, तर ज्या स्वतः अनेकदां बाळंत झाल्या आहेत, ज्यांच्या मनांत माया आहे, ज्या क्लेश सहन करूं शकतात, अशा. कळांना तेथें ‘आवी’ असें नांव आहे. कळा सुरू झाल्यावर कोष्ठ, वेलदोडा, वेखंड, चित्रक इत्यादि औषधींचें चूर्ण हुंगावयास द्यावें, भूर्जपत्राचा धूर द्यावा, आणि मधून मधून कंबर, कुशी, पाठ व मांड्या यांस कोमट तेल चोळावें, असा क्रम दिला आहे. तेथेंच एक वादहि नोंदलेला आहे. कळा रेंगाळल्या तर स्त्रीनें मुसळ उचलून उखळांत धान्य कांडावें, असें कांहीं जणांचें मत. आत्रेयांना तें मुळींच पसंत नाहीं. अशा नाजूक वेळीं असा जबर व्यायाम घातक ठरेल, तिनें फार तर फिरावें, असा त्यांचा निर्णय आहे. आणि कळ आल्याशिवाय जोर करूं नये हा उपदेश तर आजची कोणतीहि परिचारिका जसाच्या तसा करील. सुश्रुतानें चार पोक्त व कुशल स्त्रिया जवळ असाव्या असें सांगून त्यांचीं नखें कापलेलीं असावींत, ही अट घातली आहे. या एवढ्याशा अटीचें महत्त्व युरोपास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कळलें नव्हतें.

या सर्वांत वेदना नाहींशी करणारें औषध मात्र कोठेंच नाहीं. आहे तें सोबत, तेल, ऊब, धीर.

खानदेशांतील खेड्यापाड्यांतून पुढें शतकानुशतकें हेंच चालत आलें, पण ग्रंथांतील कापलेलीं नखें वाटेंत कोठेंतरी गळून पडलीं. तापीच्या खोऱ्यांतलें गांव असो वा सातपुड्याच्या कुशीतला पाडा असो, बाळंतपण घरांतील एखाद्या अंधाऱ्या खोलींत, बहुधा सुइणीच्या हातूनच होत असे. सुईण कंबर दाबी, पाठीला तेल लावी, कळ आली म्हणजे खांद्याला आधार देई, ओरडूं देई आणि वेळप्रसंगीं दटावीहि. तिच्या हाताला अनुभव होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. सरळ प्रसूति ती पुष्कळदां उत्तम रीतीनें पार पाडी. परंतु मूल आडवें आलें, किंवा रक्तस्राव थांबेना, म्हणजे तिचें ज्ञान तेथेंच संपे. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, ही म्हण त्या काळीं अलंकार नव्हता. ज्या प्रसंगांतून जीव वांचेल कीं नाहीं हीच शंका, त्या प्रसंगांत वेदनेची तक्रार करणें हें बायकांना स्वतःलाच वावगें वाटत असे. ‘सोसणें’ हा गुण ठरला तो काहीं अंशीं यामुळें. सोसण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता, आणि ज्याला मार्ग नसतो त्याला माणूस नेहमींच सद्गुणाचें नांव देतो.

दुसरा मार्ग निघाला तो १८४७ सालीं, स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरांत. त्याच्या आदल्या वर्षीं, १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन येथें ईथरच्या वासानें रोग्याला बेशुद्ध करून केलेली शस्त्रक्रिया सर्वांसमक्ष यशस्वी झाली होती. ती बातमी जहाजांनीं जगभर पसरली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत २२ मार्च १८४७ रोजीं, म्हणजे जेमतेम पांच महिन्यांत, ईथरचा पहिला प्रयोग झालाहि. एडिंबरो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स यंग सिम्पसन यांनीं त्याच्याहि आधीं, १९ जानेवारी १८४७ रोजीं, एका अवघड प्रसूतींत ईथर वापरलें. त्यांना जें दिसलें तें महत्त्वाचें होतें. वेदना थांबली तरी गर्भाशयाचें आकुंचन थांबत नाहीं. कळ आणि कळेची वेदना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही एक ओळख पुढील साऱ्या इतिहासाचा पाया ठरली. ईथरचा वास उग्र व छातीला त्रासदायक, म्हणून सिम्पसन दुसरें द्रव्य शोधीत होते. ४ नोव्हेंबरच्या रात्रीं स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशीं, दोघां सहकाऱ्यांसह, त्यांनीं क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला. तिघेहि टेबलाखालीं आडवे झाले. चारच दिवसांनीं तो एका प्रसूतींत वापरला गेला. शोधाच्या उत्साहांत सावधगिरीला किती थोडी जागा होती, हें या घाईवरून दिसतें.

यावर गदारोळ झाला. प्रसूतिवेदना ही स्त्रीला मिळालेली ईश्वरी शिक्षा आहे, ती टाळणें पाप आहे, असा बायबलाच्या आधारें आक्षेप आला आणि सिम्पसन यांनीं त्याच वर्षाच्या अखेरीस पुस्तिका लिहून त्याला बायबलाच्याच आधारें उत्तर दिलें. मात्र अधिक वजनदार आक्षेप डॉक्टरांचेच होते. वेदना हाच प्रसूतीचा मार्गदर्शक. ती नाहींशी केली तर प्रगति कशी कळणार? आणि निरोगी बाईला विष हुंगवून तिचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार कोणाला? हा दुसरा प्रश्न खोटा नव्हता. २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी, पायाचें नख काढण्यासाठीं दिलेल्या क्लोरोफॉर्मनें, दोन-तीन मिनिटांत दगावली.

या वादाचा निकाल लागला तो राजवाड्यांत. ७ एप्रिल १८५३ रोजीं व्हिक्टोरिया राणीला आठवें अपत्य झालें, तेव्हां लंडनच्या जॉन स्नो यांनीं तिला क्लोरोफॉर्म दिला. राणीच्या आधींच्या सात बाळंतपणांत असा कोणताहि उपाय झाला नव्हता, म्हणजे तुलना करावयास तिच्याइतकी अनुभवी बाई दुसरी मिळाली नसती. स्नो यांची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. घडी घातलेल्या रुमालावर प्रत्येक कळेच्या वेळीं सुमारें १५ थेंब, असें एकंदर ५३ मिनिटें. राणी बेशुद्ध झाली नाहीं, ती बोलत होती, तिला समजत होतें. फक्त कळेची धार बोथट झाली होती. हे ५३ मिनिटें स्नो तेथून हलले नाहींत. दुसऱ्याच वर्षीं लंडनमधील पटकीचें मूळ एका पंपाच्या पाण्यांत आहे हें ज्यांनीं दाखवून दिलें तेच हे स्नो. त्यांच्या हातून चार हजारांच्या आसपास रोग्यांना क्लोरोफॉर्म दिला गेला असें सांगतात. पण त्यांची कीर्ति झाली ती या एका रुमालानें. १८५७ सालीं नवव्या अपत्याच्या वेळींहि राणीनें त्यांनाच बोलावलें. मग इंग्लंडमधील श्रीमंत घरांतून ‘राणीचा क्लोरोफॉर्म’ मागण्याची चालच पडली. रुमाल सर्वांना मिळाला. स्नो सर्वांना मिळाले नाहींत.

क्लोरोफॉर्मच्या धोक्याचा प्रश्न पुढें खानदेशच्या अगदीं शेजारीं येऊन पोंचला. खानदेशच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची रांग आहे. ती ओलांडली कीं १९४८ पर्यंत निजामाचें राज्य सुरू होत असे. पाचोरा किंवा जळगांव स्टेशनावर उतरून अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास जाणारा प्रवासी हीच सरहद्द ओलांडीत असे. या राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनीं क्लोरोफॉर्म हृदयाला अपाय करीत नाहीं, श्वास सांभाळला म्हणजे झालें, असा हट्टाचा सिद्धांत मांडला. निजाम सरकारच्या पैशानें १८८८ व १८८९ सालीं दोन चौकशी समित्या झाल्या. दुसरीसाठीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या वतीनें लॉडर ब्रंटन हे विख्यात शास्त्रज्ञ हैदराबादेस आले. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग होऊन लॉरींचेंच मत ग्राह्य ठरलें. दुर्दैवानें तें चूक होतें. अर्धवट गुंगींत क्लोरोफॉर्म हृदयाची लयच मोडूं शकतो, हें १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं सिद्ध केलें. तरीहि या प्रकरणाचें एक फळ चांगलें निघालें. लॉरींनीं आपल्या शाळेंत मुलींनाहि प्रवेश दिला होता. त्यांतील रूपाबाई फरदुनजी या पारशी विद्यार्थिनीनें १८८९ पासून भूल देण्याचें काम व्रतासारखें चालविलें आणि १९०९ सालीं अधिक शिक्षणासाठीं त्या एडिंबरोस गेल्या. जगांतील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचें नांव घेतलें जातें. ज्या डोंगरांपलीकडे असें घडत होतें, त्या डोंगरांच्या अलीकडे खानदेशांतील स्त्रीला त्याची वार्ताहि नव्हती.

कारण औषधाच्या आणि तिच्या मध्यें एक उंबरठा होता. पुरुष डॉक्टरास बाळंतिणीच्या खोलींत प्रवेश नव्हता, आणि स्त्री डॉक्टर अस्तित्वांत नव्हती. या उंबरठ्याचा इतिहास सांगतांना आनंदीबाई जोशी यांचें नांव टाळतां येत नाहीं. १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाईंना चौदाव्या वर्षीं मूल झालें. तें दहा दिवसच जगलें. १८८३ सालीं त्या अमेरिकेस निघाल्या त्यामागें हें दुःख होतें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक विद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्यासाठीं त्यांनीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. अमेरिकेंत बसून, ईथर व क्लोरोफॉर्मच्या देशांत, एका मराठी मुलीला आपल्या जुन्या सूतिकागृहाकडे वळून पाहावेंसें वाटलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरी होण्याच्या आधींच, क्षयानें त्यांचा अंत झाला.

त्याच सुमारास मुंबईंत पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगींतून केवळ स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं, आणि केवळ स्त्री डॉक्टरांनीं चालविलेलें, रुग्णालय १८८६ सालीं उघडलें. त्याच्या पहिल्या प्रमुख एडिथ पीची. ज्या एडिंबरोंत सिम्पसन यांनीं क्लोरोफॉर्म वापरांत आणला, त्याच विद्यापीठांत १८६९ सालीं वैद्यकासाठीं झगडून प्रवेश मिळविणाऱ्या स्त्रियांपैकीं त्या एक. पदवी मात्र त्या विद्यापीठानें त्यांना दिली नाहीं. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा फंड निघाला, त्यानें जागोजाग स्त्री-रुग्णालयें व स्त्री डॉक्टर यांची सोय करण्याचा उपक्रम हातीं घेतला. आगगाडी खानदेशांतून १८६० नंतरच्या कांहीं वर्षांतच गेली होती. जळगांव ते मुंबई हें सुमारें ४२० किलोमीटरांचें अंतर एका रात्रीचें झालें होतें. ऐपत असेल तर जाण्याची सोय झाली. पण कळा सुरू झालेल्या बाईला आगगाडींत बसवून मुंबईस नेणें हा उपाय नव्हे, हें सांगावयास नको. आणि महिनाभर आधीं नेण्याइतकी दूरदृष्टी, पैसा व मोकळीक किती घरांत असणार?

दरम्यान युरोप-अमेरिकेंत एक विलक्षण प्रकार घडला, आणि आज उपाय निवडूं पाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीनें तो ऐकण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें क्रोनिग व गाउस या डॉक्टरांनीं मॉर्फिन व स्कोपोलामिन यांच्या मिश्रणानें ‘संधिनिद्रा’ आणण्याची पद्धत बसविली. बाई झोपे, जागी झाल्यावर मूल कुशींत असे, आणि मधलें कांहींच तिला आठवत नसे. १९१४ सालीं अमेरिकेंतील मासिकांतून त्याचीं गोड वर्णनें आलीं. तेथील सुशिक्षित स्त्रियांनीं संघ स्थापून ही निद्रा आपला हक्क म्हणून मागितली. वस्तुस्थिति निराळी होती. वेदना जात नव्हती. वेदनेची आठवण जात होती. गुंगींत बाई तळमळे, ओरडे, तिला इजा होऊं नये म्हणून गाद्या लावलेल्या खाटेवर कधीं कधीं बांधूनहि ठेवावें लागे, आणि मूल सुस्त जन्मे. फ्रायबुर्ग येथें प्रत्येकीजवळ शांत खोलींत निष्णात माणूस बसून मात्रा ठरवीत असे. इतरत्र घाईच्या रुग्णालयांत तेंच औषध सर्वांना सरसकट दिलें गेलें, आणि मग तें बदनाम झालें.

याच्या उलट टोकाला इंग्लंडचे ग्रँट्ली डिक-रीड गेले. भीतीमुळें शरीर ताठरतें, ताठरल्यामुळें वेदना वाढते, वेदनेमुळें भीति आणखी वाढते, हा त्यांनीं १९३३ सालच्या पुस्तकांत मांडलेला विचार. भीति घालवा, श्वास व शिथिलता शिकवा, म्हणजे औषध फारसें लागणार नाहीं. प्रसूति निसर्गतः वेदनारहित असते हा त्यांचा दावा अतिरेकी होता. पण धीर देणाऱ्या सोबतीनें वेदना खरोखरच सुसह्य होते, हा त्यांतील गाभा टिकून राहिला. पुढें अनेक देशांत झालेल्या चाचण्या एकत्र पाहून तज्ज्ञांनीं असाच निष्कर्ष काढला आहे कीं, प्रसूति होईपर्यंत सतत सोबत असलेल्या स्त्रियांच्या कळा थोड्या कमी वेळ चालतात आणि त्यांना वेदनाशामक औषध कमी लागतें. चरकाच्या सूतिकागृहांतील मायाळू स्त्रिया येथें पुन्हां भेटतात.

त्याच काळांत लिव्हरपूलच्या मिनिट यांनीं नायट्रस ऑक्साइड वायु व हवा यांचें मिश्रण बाईनें स्वतःच्या हातानें हुंगावयाचें यंत्र तयार केलें, आणि १९३६ पासून इंग्लंडांतील प्रशिक्षित सुइणींना तें वापरण्याची परवानगी मिळाली. कळ आली कीं मुखवटा नाकातोंडाला लावावयाचा, गुंगी आली कीं हात आपोआप खालीं पडतो. जास्त मात्रा होण्याची भीति कमी. पुढें १९६१ पासून त्यांत हवेऐवजीं निम्मा प्राणवायु घालूं लागले. १९३९ सालीं जर्मनींत तयार झालेलें पेथिडिन हें इंजेक्शन सर्वत्र पसरलें, कारण तें देणें सोपें. परंतु प्रसूतीच्या अगदीं जवळ दिलें तर मुलाचा श्वास मंदावतो. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनीं १९५३ सालीं नवजात बालकाला गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हां आईला दिलेल्या औषधाचा हिशेब मुलाच्या अंगावर मोजतां येऊं लागला.

हीं सर्व साधनें निघत असतां हिंदुस्थानची स्थिति काय होती? १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालांत दर हजार जन्मांमागें सुमारें २० माता मरतात, वर्षाकाठीं अशा मृत्यूंची संख्या दोन लाखांच्या घरांत जाते, असा अंदाज दिला आहे. म्हणजे लाखामागें दोन हजार. ज्या घरांत प्रश्न आई वांचेल काय असा आहे, त्या घरांत वेदनेचा प्रश्न कोण विचारणार? प्रथम जीव, मग वेदना, हा क्रम अपरिहार्य होता. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर २०१८ ते २०२० या काळांतील सरकारी पाहणींत तोच आंकडा लाखामागें ३३ आला आहे, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें या राज्यांतील शंभरांपैकीं सुमारें ९५ प्रसूति दवाखान्यांत होतात. धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय पूर्वींच निघालें होतें. जळगांवास तें २०१८ सालीं सुरू झालें. वेदनेचा प्रश्न विचारण्याची वेळ आतां आली आहे ती यामुळें.

आतां एपिड्यूरलविषयीं. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूभोंवतीं एक आवरण असतें. त्या आवरणाच्या बाहेरील बारीक पोकळींत औषध सोडलें तर तेथून निघणारे वेदनेचे तंतु बधिर होतात. कळांच्या पहिल्या टप्प्यांत, गर्भाशयाचें मुख उघडत असतांना, वेदना पाठीच्या खालच्या भागांतील तंतूंनीं वर जाते. शेवटच्या टप्प्यांत, मूल बाहेर येतांना, आणखी खालच्या तंतूंनीं. स्पेनमधील लष्करी सर्जन फिदेल पाखेस यांनीं ही वाट १९२१ सालीं दाखविली. रुमानियांत आबुरेल यांनीं १९३१ सालीं नळी घालून प्रसूतीसाठीं तिचा उपयोग केला. १९४२ सालीं अमेरिकेंत हिंग्सन व एडवर्ड्स यांनीं सतत औषध देण्याची रीत बसविली. आणि १९४७ सालीं हवानाचे कुर्बेलो यांनीं वांकड्या टोंकाच्या सुईंतून बारीक नळी आंत सरकविली. आजची पद्धत तीच आहे. बदललें आहे तें औषधाचें प्रमाण. पूर्वीं पाव टक्का बुपिव्हाकेन देत, त्यानें पाय जड होऊन बाई खाटेला खिळे व जोर करणें जमत नसे. आतां एक दशांश टक्का किंवा त्याहूनहि सौम्य द्रावणांत फेंटानिलची अल्प मात्रा मिसळून देतात. कळेची जाणीव राहते, वेदना बरीचशी जाते.

जांवयाच्या व आईच्या शंकांचीं उत्तरें येथें देतां येतात. आजच्या सौम्य मात्रेनें शस्त्रक्रियेनें प्रसूति होण्याचें प्रमाण वाढत नाहीं, असें मोठ्या तुलनात्मक चाचण्यांवरून दिसलें आहे. मात्र जोर करण्याचा शेवटचा टप्पा कांहींसा लांबतो, आणि जुन्या तीव्र मात्रेच्या काळांत चिमट्यानें वा व्हॅक्यूमनें मूल ओढून काढण्याचे प्रसंग अधिक येत, हें खरें. जन्मभर पाठ दुखते हा समज निराधार आहे. सुईच्या जागीं कांहीं दिवस ठणक राहूं शकतो. रक्तदाब उतरणें, ताप येणें, लघवी तुंबणें, अंगाला खाज येणें हे त्रास संभवतात व त्यांवर इलाज असतो. शंभरांत एखादीच्या बाबतींत सुई आवरणाला टोंचून नंतर तीव्र डोकेदुखी जडते. तीहि बरी होते. ज्यांचें रक्त नीट गोठत नाहीं, जिच्या पाठीवर त्या जागीं जंतुसंसर्ग आहे, किंवा रक्तस्रावानें जी खचली आहे, तिला हा उपाय देत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं दिलेल्या शिफारशींत निरोगी स्त्रीनें मागितल्यास एपिड्यूरल द्यावें असें आहे, आणि त्याच यादींत श्वासाचे व शिथिलतेचे व्यायाम, मालीश व शेक यांनाहि स्थान आहे. ही निवड एकाच वेळीं सर्व करावयाची नसते. पुष्कळ स्त्रिया पहिले कांहीं तास फिरून, कोमट पाण्याच्या स्नानानें व कंबर चोळून काढतात आणि मग वाटलें तर पुढचा उपाय मागतात. आजीच्या तेलाचा आणि भूलतज्ज्ञाच्या सुईचा येथें मुळींच विरोध नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. नळी घातली म्हणजे काम संपत नाहीं. तास-दीड तासानें मात्रा पाहावी लागते, आईचा रक्तदाब व मुलाच्या हृदयाचे ठोके तपासावे लागतात, अपरात्रीं भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असावा लागतो. शस्त्रक्रियेसाठीं भूलतज्ज्ञाला तासभर बोलावणें निराळें आणि कळांसाठीं दहा-बारा तास अडकवून ठेवणें निराळें. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणींहि सर्वच प्रसूतिगृहांत हा उपाय मिळत नाहीं. याचाच एक वांकडा परिणाम असा कीं, कांहीं घरांतून कळांच्या भीतीनें सरळ शस्त्रक्रियाच मागितली जाते. राज्यांतील प्रसूतींपैकीं सुमारें चौथा हिस्सा आतां शस्त्रक्रियेनें होतो. त्यांत आवश्यक शस्त्रक्रियाहि पुष्कळ असतात, पण केवळ वेदना टाळण्यासाठीं केलेला हा सौदा महागच म्हणावा लागेल. कारण कळांची वेदना कांहीं तासांची, टाक्यांची कांहीं आठवड्यांची, आणि पुढील बाळंतपणावर त्या व्रणाची छाया राहते ती वेगळीच.

तेव्हां लेक माहेरीं येण्याची वाट न पाहतां सातव्या-आठव्या महिन्यांतच दवाखान्यांत जाऊन कांहीं गोष्टी विचारून घेणें सोयीचें पडतें. एपिड्यूरल येथें मिळतें काय, रात्रींहि मिळतें काय, देणारा किती वेळ जवळ असतो, खर्च किती येतो. तें न मिळाल्यास हुंगण्याचा वायु आहे काय. आणि कळांच्या वेळीं आईला, सासूला किंवा बहिणीला जवळ बसूं देतात काय. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजूं नये. सरकारी प्रसूतिगृहांत अशी एक स्त्री सोबतीण ठेवण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालीं मान्यता दिली आहे, आणि पुढील वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या प्रसूतिकक्ष-सुधारणेच्या योजनेंत ती अपेक्षाच धरलेली आहे. धडगांव-अक्कलकुव्याकडील पाड्यावरून सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या बाईला एपिड्यूरल मिळण्यास अद्याप बराच अवकाश आहे. बाकाजवळची ती एक खुर्ची मात्र तिला आजहि मागतां येते.